सुरी लागली की पसरतो, हे कितपत खरे?

संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य खात्याकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. अर्जासोबतचे कागद चाळताना एक गोष्ट वारंवार ध्यानी येते. डॉक्टरांनी "तुकडा काढून तपासू या" असे लिहून दिल्याची तारीख आणि तो तुकडा प्रत्यक्ष काढल्याची तारीख यांत दोन-दोन, कधी चार-चार महिन्यांचे अंतर असते. विचारले तर उत्तर ठरलेले : "सुरी लागली की तो पसरतो म्हणतात, म्हणून थांबलो." स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा इतरत्र आलाच आहे. आम्ही येथे या एका वाक्याचाच विचार करावयाचे ठरविले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. जे लिहीत आहो ते वाचून, जाणत्यांस विचारून आणि थोडेसे पोळून लिहीत आहो.

पोळल्याची हकीकत आधी सांगतो. आमच्या नात्यातील एक काकू निपाणीकडच्या. तंबाखूचा तो मुलूख. मिसरी भाजल्याचा वास सकाळी घरोघर येई. काकू दिवसातून तीनदा मिसरी लावीत. एके वर्षी त्यांच्या खालच्या हिरडीवर पांढुरका चट्टा आला व पुढे तेथे जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून त्याही स्वस्थ आणि आम्हीही स्वस्थ. दात हलू लागला तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखम पाहून तुकडा तपासण्यासाठी चिठ्ठी दिली. घरी आल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हात लावू देऊ नकोस. आमच्या माहेरी एकाला सुरी लावली आणि सहा महिन्यांत गेला तो." ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागे पाच महिने राहिली. ठेवणारे आम्हीच. हळद झाली, मध झाला, कोणी सांगितलेला पाला झाला. शेवटी गाल सुजला तेव्हा मुंबई गाठली. शस्त्रवैद्यांनी सरळ सांगितले की, आधी आला असता तर जबड्याच्या हाडाची वरची कड काढून बहुधा भागले असते. आता रोग हाडात शिरला आहे, उजवा जबडा काढावा लागेल. काकू वाचल्या. पुढे नऊ वर्षे जगल्या. नातवाच्या लग्नात मिरवल्याही. पण भाकरी शेवटपर्यंत दुधात कुस्करूनच खावी लागली.

तुकडा काढणे म्हणजे काय, हे त्या वेळी कोणी समजावून दिले असते तर बरे झाले असते. तोंडातील जखमेशेजारी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात आणि जखमेच्या कडेपासून हरभऱ्याच्या डाळीएवढा अंश घेतात. कडेपासून अशासाठी की, जखमेच्या मध्यभागी बहुधा मेलेले मांस असते, त्यावरून काही कळत नाही. कडेला रोगट व निरोगी भाग एकमेकांस भिडलेले दिसतात. तो अंश फॉर्मलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवितात. त्या मेणाच्या ठोकळ्याच्या, एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले असता एक भाग भरेल इतक्या पातळ चकत्या कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला काही दिवस लागतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवे असेल तर मांस गोठवून चकती कापतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी ही रीत १९०५ साली रूढ केली. मानेसारख्या ठिकाणी गाठ असेल तर बारीक सुईने पेशी ओढून घेतल्या तरी पुष्कळदा भागते. एवढ्या तपासणीवाचून कोणताही शहाणा शस्त्रवैद्य जबड्याला हात लावणार नाही, कारण तोंडातील प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. निम्मी भीती तर या अहवालानेच उतरावयाची.

मग ही समजूत आली कोठून? आमच्या मते ती मूर्खपणातून आलेली नाही, अनुभवातूनच आली आहे. फक्त अनुभवाचा अर्थ उलटा लागला. अर्बुद कापताना अंशही मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते, हे आपल्याकडे सुश्रुतसंहितेने सांगून ठेवले आहे. बॉस्टनला १८४६ साली ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली आणि लिस्टरने १८६७ साली जखमा कुजू न देण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी खोलवरची गाठ काढणे म्हणजे रोग्याला चार माणसांनी धरून ठेवावयाचे, आणि जगला तरी जखम कुजावयाची. त्यानंतरही आपल्याकडचा रोगी रुग्णालयात पोचत असे तो अखेरीस. डॉक्टर कापून पाहत, रोग सर्वत्र गेलेला दिसे, पुन्हा शिवून टाकीत. माणूस महिन्या-दोन महिन्यांत जाई आणि गावात बोलबाला होई की, सुरी लागली, हवा लागली, म्हणून पसरला. पसरला होता तो आधीच. हवेचा तर यात काडीचा संबंध नाही.

रोग रक्तावाटे आणि लसिकावाहिन्यांवाटे जातो, आणि तो कोणी कापण्याची वाट पाहत बसत नाही. हे डॉक्टरांनाही एका दिवसात उमगले नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढीत. जितके जास्त कापू तितका रोगी वाचेल, हा समज पुढे पाऊणशे वर्षे टिकला. बर्नार्ड फिशर यांनी १९७० नंतरच्या दशकात चाचण्या सुरू केल्या तेव्हा त्यांना सहव्यवसायिकांचे पुष्कळ बोलणे सोसावे लागले. वीस वर्षे पाठपुरावा करून २००२ साली निकाल आला : लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्रिया तितक्याच जगतात. इटलीत व्हेरोनेसी यांनाही तेच आढळले. ज्या बहिणी "सगळेच काढतील" या भीतीने गाठ लपवितात, त्यांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी. लवकर आल्यास पुष्कळदा सगळे काढावे लागत नाही.

तोंडाच्या रोगाचे गणित मात्र वेगळे आहे, आणि ते मांडले आहे आपल्याच शेजारी, परळला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. मूळ गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तेथे शस्त्रवैद्य म्हणून आयुष्य वेचले. रुग्णालयासमोरील रस्त्याला त्यांचे नाव आहे. जिभेचा वा गालाचा लहानसा कर्करोग असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेच्या लसिकाग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, असा वाद जगभर चालू होता. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटामध्ये रोग्यांचे दोन गट करून हे तपासले. पहिल्या ५०० रोग्यांचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्यांत साडेसदुसष्ट टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसे केवळ न थांबल्याने वाचली. सुरीने रोग पसरत असता तर हा आकडा उलटा यावयास हवा होता.

तथापि जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे, तो दडविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, यकृताच्या गाठीत विशेषेकरून. पण ती थोडी आहेत. खरा धोका असतो तो अर्धवट व बिनबेताच्या कापाकापीचा. वृषणात संशयास्पद गाठ असता तेथे सुई घालीत नाहीत. जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात. मांडीतल्या खोल गाठीचा तुकडा शक्यतो पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच घ्यावा, कारण सुईची वाटही मागाहून गाठीबरोबर काढावी लागते. मानेत गाठ आली म्हणून ती कोठेतरी घाईने कापून घेऊ नये; आधी तोंड व घसा नीट तपासून घ्यावा, मग सुईने तपासणी. तेव्हा प्रश्न "सुरी लावावी काय" हा नसून "कोणी, कोठे आणि कोणत्या बेताने" हा आहे. तो डॉक्टरांस अवश्य विचारावा. चांगल्या डॉक्टरांस त्याचा राग येत नाही.

जबडा गेला की चेहरा गेला, ही दुसरी भीती. रोगाभोवती सुमारे एक सेंटिमीटर निरोगी मांस घेऊन कापावे लागते, म्हणून खड्डा पडतो, हे खरे. पण १९७९ पासून छातीचा स्नायू त्वचेसह वर फिरवून तो खड्डा भरता येतो. काकूंचा तसाच भरला होता. १९८९ पासून पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्याचा जबडा घडविण्याची रीतही आली आहे. पाय त्याने अधू होत नाही, याचे आम्हांस फार नवल वाटले.

आता घरी काय पाहावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, विनाकारण हलणारा दात, मानेतली न दुखणारी गाठ. दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी तो दुखत नाहीच. आणि आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो, असे म्हणणाऱ्यांस सांगणे हे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही २००४ साली कर्ककारक ठरविले आहे. आमच्या पानाच्या डब्यावर यामुळे जे संकट आले ते आम्ही कसे निभावले, हा निराळा लेख होईल.

एक व्यवहाराची गोष्ट. तपासणीचा अहवाल मिळाला की, काम झाले असे समजू नये. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळा मागतात, कारण तेथील डॉक्टर तो पुन्हा स्वतः पाहतात. जेथे तपासणी केली तेथून ही दोन्ही मागून, पावती देऊन घ्यावीत व उन्हात वितळू न देता न्यावीत. ठोकळ्यावाचून गेलेले आपल्याकडील दोन अर्जदार गेल्या वर्षी परत फिरले.

आणि प्रवासखर्चाचा अर्ज अहवाल येण्यापूर्वीही करता येतो. तुकडा तपासण्याची डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की पुरे.