संतांच्या कबरी व त्यांचे सण

दरवर्षी डिसेंबरच्या ३ तारखेस जुन्या गोव्यातील बोम जेझूस ह्या ख्रिस्तमंदिरात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण असतो. त्यापूर्वी नऊ दिवस प्रार्थना चालतात, व सणाच्या दिवशी हजारो लोक त्यांच्या कबरेपाशी येतात. कोणी मेणबत्त्या आणितात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात. आपल्या खेड्यातील एखाद्या ख्रिस्ती घराचे सोयरे तिकडे असले, म्हणजे "मुलाला घेऊन या, नवस करू" असा निरोप येतो. मग जावे की न जावे, हे घरधनी उपदेशकास विचारतो. "तो आपला मार्ग नव्हे," एवढेच बोलून उपदेशकाने त्यास वाटेस लावू नये. ज्याचे मूल तापाने फणफणत आहे, त्याचे समाधान अशा उत्तराने व्हावे कसे?

ही चाल कोठून आली, हे प्रथम पाहू. सुमारे इ. स. १५५ मध्ये स्मुर्णा येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प ह्यांस ख्रिस्ताच्या नावाकरिता जाळण्यात आले. तेथील मंडळीने ह्याविषयी लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक आता ख्रिस्तास सोडून ह्याचीच पूजा करू लागतील, अशी शंका विरोधकांनी काढिली होती. त्यावर मंडळीने उत्तर दिले की, आम्ही भजतो तो देवाचा पुत्र. रक्तसाक्ष्यांवर आम्ही प्रीती करितो, कारण ते त्याचे शिष्य होत. त्यांनी पॉलिकार्पाच्या अस्थी वेचून पुरल्या, आणि त्याच्या मरणाचा दिवस हा त्याचा जन्मदिवस मानून दरवर्षी तेथे जमण्याचे ठरविले. हेतू दोन : गेलेल्यांची आठवण, व ज्यांच्यावर पुढे छळ येईल त्यांची तयारी. तेथे काही मागण्याचा विषयच त्या पत्रात नाही.

पुढे मात्र चाल पालटली. आफ्रिकेतील ख्रिस्ती लोक रक्तसाक्ष्यांच्या कबरींवर लापशी, भाकर व द्राक्षारस नेऊ लागले. आगस्तीन ह्यांची आई मोनिका ही भाविक बाई. सुमारे ३८५ साली ती मिलान शहरी असता आपल्या देशच्या रीतीप्रमाणे टोपली घेऊन गेली, तो द्वारपाळाने तिला अडविले. अध्यक्ष अंब्रोस ह्यांनी ही गोष्ट बंद केली होती. एक तर काही जण तेथे दारू पिऊन झिंगत, आणि दुसरे, रोमी लोक आपल्या पितरांस जे अन्न नेत त्याच्यासारखेच हे दिसे. पितरांचे पान वाढण्याची चाल ज्यांच्या घरी होती, त्या आपल्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. मोनिका रुसली नाही, वाद घातला नाही. तेव्हापासून ती कबरींकडे प्रार्थनेने भरलेले मन नेई, आणि टोपलीतले देणे गरिबांस देई. आम्हांस तर ह्या बाईचे फार कौतुक वाटते; जुनी चाल सोडणे म्हातारपणी सोपे नसते.

कोणी म्हणेल, अलीशाच्या अस्थींना लागून मेलेला मनुष्य उठला ना? उठला खरा (२ राजे १३:२१). परंतु त्यानंतर इस्राएल लोक तेथे नवस घेऊन गेले, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. आणि मोशेची कबर तर देवाने कोणास कळूच दिली नाही (अनुवाद ३४:६).

झेवियर १५४२ साली गोव्यास आले, तेव्हा रस्त्यांतून घंटा वाजवीत मुले गोळा करीत व त्यांस शिकवीत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या एका बेटावर त्यांचा अंत झाला; १५५४ साली देह गोव्यास आणिला, तो आता चांदीच्या पेटीत आहे. त्या घंटेची गोष्ट ऐकावयास कोणी गोव्यास गेला, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. मेणाचा पाय घेऊन जाणाऱ्यास मात्र थांबवावे; पण आधी उपदेशकाने स्वतः त्या घरी जावे, मुलाच्या उशाशी बसून प्रार्थना करावी, आणि दवाखान्यापर्यंत सोबत चालावे.

मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरी वारली. मायदेशापासून इतक्या दूर पुरले जाण्याचे भय वाटत नाही काय, असे तिला विचारले असता ती म्हणाली की, देवाला काहीच दूर नाही. देह कोठेही ठेवा, असे तिने मुलांस सांगितले होते. १४३० साली तिच्या अस्थी रोमास नेण्यात आल्या, आणि आज तिच्याही कबरेपाशी लोक जातात.