दीर्घ रासायनिक नावांचा पदच्छेद व उच्चारण

संहितेतील सूत्राचा अर्थ लावताना आपण प्रथम पदच्छेद करतो, मग अन्वय पाहतो. आधुनिक औषधाचे लांबलचक नाव समोर आले की मात्र पहिली दोन अक्षरे उच्चारून उरलेली गाळतो. वस्तुतः ही नावेही सामासिकच आहेत.

परिचित हरिद्रेचेच उदाहरण घेऊ. तिच्यातील करक्यूमिनचे रासायनिक नाव ‘डायफेरुलॉइलमिथेन’. श्वास पुरेल तेथे तोडल्यास ‘डायफे-रुलॉ-इलमि-थेन’ असे निरर्थक तुकडे हाती येतात. अर्थानुसार ‘डाय + फेरुलॉइल + मिथेन’ अशी तीन पदे होतात. डाय म्हणजे दोन. फेरुलॉइल हा फेरुलिक आम्लापासून आलेला गट. आणि मिथेन हा त्या दोहोंना जोडणारा एका कार्बनचा दुवा. प्रथम पदे सोडवावीत, नंतर प्रत्येक पदाची अक्षरे म्हणावीत : डाय, फे-रु-लॉ-इल, मि-थेन. अखेरीस सर्व नाव सलग उच्चारावे.

चिकित्सालयात या अभ्यासाचे मोल अधिक जाणवते. ‘मेट की काहीशी गोळी चालू आहे’, असे रुग्ण सांगतो. मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल व मेट्रोनिडाझोल या तिन्ही नावांचा आरंभ सारखा. भेद शेवटच्या पदात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1953 पासून प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय औषधनामांत शेवटचे पद पुष्कळदा कुलवाचक असते. ‘फॉर्मिन’ मधुमेहावरील औषधांचे, ‘ओलॉल’ बीटा-रोधकांचे, तर ‘निडाझोल’ अमीबादी जंतूंवरील औषधांचे कुल दर्शविते. टिनिडाझोल व ऑर्निडाझोल ही त्याच कुलातील होत.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मेटोप्रोलॉलने हृद्गती मंदावते. ते चालू असल्याचे ठाऊक नसेल तर नाडीच्या मंद गतीचा अर्थ चुकेल. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य वर्ज्य करण्याची सूचना असते, आणि आपल्या आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतोच. मेटफॉर्मिन घेणाऱ्यास आपण औषध देऊ लागलो, तर रक्तशर्करा फार उतरणार नाही याकडे लक्ष हवे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी रुग्णास गोळ्यांचे वेष्टन आणावयास सांगावे, नाव शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचावे आणि ते पूर्ण स्वरूपात रुग्णपत्रिकेत नोंदवावे. ‘मेट’ एवढीच नोंद कदापि करू नये.