पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड व पडद्याची गाळणी

पाणी डोळ्यांना निर्मळ दिसलें व जिभेला गोड लागलें म्हणजे तें पिण्यास योग्य, अशी आपली पिढीजात समजूत आहे. गढूळपणा, दुर्गंधि व खारटपणा हे दोष इंद्रियांना कळतात; परंतु फ्लोराइड या क्षाराचें जें प्रमाण पाण्यांत सांपडतें, त्याला रंग नाहीं, वास नाहीं व चवही नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या पाण्यांत चुन्याचा अंश कमी, म्हणजे ज्यांत डाळ लवकर शिजते व साबणाला फेंस चांगला येतो, अशा पाण्यांत तो पुष्कळदां अधिक असतो. कारण चुन्याशीं संयोग झालेलें फ्लोराइड पाण्यांत सहज विरघळून राहत नाहीं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादि जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या बोअरच्या पाण्यास हा दोष आहे. त्यावर उपाय म्हणून पडद्याच्या गाळणीचें, म्हणजे ज्याला सर्व लोक 'आरओ' म्हणतात तें, यंत्र गांवोगांव दिसूं लागलें आहे. तें यंत्र काय करतें व काय करीत नाहीं, याचा विचार खरेदीच्या आधीं व्हावा, एवढ्यासाठीं आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

रोग व त्याचें मूळ

ग्रॅनाइटासारख्या कठीण खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजें असतात. पाणी अशा खडकाच्या भेगांतून दीर्घकाल झिरपत राहिलें कीं तीं हळूहळू विरघळतात. म्हणून उथळ विहिरीपेक्षां खोल बोअरच्या पाण्यांत हा अंश बहुधा जास्त आढळतो. आपल्या देशांत या रोगाची ओळख जुनी आहे. तत्कालीन हैदराबाद संस्थानांतील कांहीं भागांत जनावरांना तो जडल्याचें १९३४ सालीं नमूद झालें, आणि मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत माणसांमधील रोगाचें निदान १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. दाव्याचा बैल व घरचें मूल एकाच पाण्यावर वाढतात, ही गोष्ट शेतकऱ्यानें विसरूं नये.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावें. दुसरा पाणवठा मुळींच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. वयाच्या सुमारें आठव्या वर्षापर्यंत कायमच्या दांतांचें कवच बनत असतें. त्या काळांत हा क्षार जास्त पोटांत गेला तर दांतांवर पांढरे व पुढें तपकिरी डाग पडतात, व ते मागाहून चांगलें पाणी देऊनही जात नाहींत. दर लिटरास ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलें पाणी वर्षानुवर्षें प्याल्यास हाडांवरही परिणाम होतो. सांधे ताठतात, पाठ वांकत नाहीं, व कर्ता माणूस कामांतून जातो. या रोगावर औषधापेक्षां पाणी बदलणें हाच खरा उपाय होय.

पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. उलट वाफ निघून गेल्यामुळें उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण किंचित् वाढतें. कापडानें गाळणें, कोळशाची साधी गाळणी किंवा जंतु मारणारा अतिनील दिवा, यांनींही तें निघत नाहीं.

पडद्याचें काम

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेविलें कीं त्यांना पाणी सुटतें, आणि मनुका साध्या पाण्यांत टाकल्या कीं त्या फुगतात. दोन्ही ठिकाणीं पाणी पातळ द्रवाकडून क्षारयुक्त किंवा साखरयुक्त द्रवाकडे जातें व मधलें पातळ पटल त्याला वाट देतें. हा निसर्गाचा ओघ झाला. खाऱ्या बाजूला पुरेसा दाब दिला तर हाच ओघ उलटा फिरतो. पाणी पलीकडे जातें व क्षार बहुतांशीं अलीकडेच राहतात. या यंत्राचें तत्त्व एवढेंच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनीं १९६० च्या सुमारास असा पडदा व्यवहारोपयोगी केला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनें व मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें या विषयांत काम केलें आहे.

चांगल्या स्थितींतील असा पडदा पाण्यांतील ९० टक्क्यांहून अधिक फ्लोराइड अडवितो. बाजारांत 'यूएफ' नांवाची जी गाळणी मिळते, तिचीं छिद्रें याच्या मानानें फार मोठीं असतात. ती गाळ व जंतु अडवील, पण विरघळलेलें फ्लोराइड अडविणार नाहीं. नांवाच्या सारखेपणानें फसूं नये.

दुसऱ्या नळाचा हिशेब

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पडदा फ्लोराइडाचा नाश करीत नाहीं. तो फक्त वांटणी करतो. यंत्राला दोन नळ असतात. एकांतून शुद्ध पाणी येतें व दुसऱ्यांतून क्षार घेऊन टाकाऊ पाणी बाहेर पडतें. समजा, बोअरच्या पाण्यांत दर लिटरास ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे व यंत्र निम्मे पाणी शुद्ध करून देतें. १०० लिटर पाण्यांत एकंदर ३०० मिलिग्रॅम क्षार आला. शुद्ध ५० लिटरांत दर लिटरास ०.२ प्रमाणें १० मिलिग्रॅम गेला. उरलेला २९० मिलिग्रॅम दुसऱ्या ५० लिटरांत, म्हणजे दर लिटरास ५.८ मिलिग्रॅम. मूळ पाण्याच्या जवळजवळ दुप्पट!

हाच हिशेब गांवाचा करूं. हजार वस्तीच्या गांवाला माणशीं ८ लिटर पिण्यास व स्वयंपाकास धरलें तर रोज ८,००० लिटर शुद्ध पाणी लागेल, व तितकेंच टाकाऊ पाणी निघेल. त्यांतून रोज सुमारें ४६ ग्रॅम व वर्षाकाठीं सुमारें १७ किलो फ्लोराइड बाहेर पडेल. तें कोठें जाणार, हा प्रश्न यंत्र विकणारा विचारीत नाहीं. तो गांवानेंच विचारला पाहिजे.

हें पाणी विहिरींत, बोअरजवळच्या शोषखड्ड्यांत किंवा ओढ्यांत सोडूं नये. जें बाहेर काढलें तेंच पुन्हां वर ओढण्याचा तो मार्ग आहे. जनावरांच्या हौदांतही तें घालूं नये. शौचकूप व फरशा धुण्यास तें खुशाल वापरावें. उरलेलें पाणी तळाला अस्तर घातलेल्या उथळ तळ्यांत आटवावें. परंतु दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी आटतें असें धरलें तरी ८,००० लिटरांसाठीं सुमारें १६ गुंठे जागा लागते, आणि पावसाळ्यांत तळें भरून वाहूं नये म्हणून याहून अधिक सोय ठेवावी लागते.

हा भार कमी करण्याची एक रीति आहे. वरील उदाहरणांत चार भाग शुद्ध पाण्यांत एक भाग मूळ पाणी मिसळलें तर मिश्रणांत दर लिटरास ०.७६ मिलिग्रॅम फ्लोराइड येतें, म्हणजे तें मर्यादेच्या आंत राहतें. यंत्राला रोज ६,४०० लिटरच गाळावे लागतात, टाकाऊ पाणी एक-पंचमांशानें घटतें, व पडद्यानें काढून घेतलेला चुना वगैरे उपयुक्त क्षार थोडे परत मिळतात. मात्र हें मिश्रण परीक्षेनें ठरवावें, अंदाजानें नव्हे. आणि पिण्यापूर्वीं तें जंतुरहित करून घ्यावें.

परीक्षा व देखरेख

टीडीएस मापकाच्या आंकड्यावर विसंबूं नये. तो सर्व क्षारांची गोळाबेरीज दाखवितो. त्यांत फ्लोराइड किती हें सांगत नाहीं. ४०० आंकडा दाखविणाऱ्या 'चांगल्या' पाण्यांतही ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असूं शकतें. यंत्र घेण्यापूर्वीं बोअरच्या पाण्याची फ्लोराइडसाठीं प्रयोगशाळेंत परीक्षा करावी. यंत्र बसल्यावर दर महिन्यास रंग बदलणाऱ्या साध्या परीक्षा-पेटीनें व पावसाळ्याच्या आधीं व नंतर पुन्हां प्रयोगशाळेंत शुद्ध पाणी तपासावें. पडदा फाटला किंवा त्याची जोडणी सैल झाली तरी पाणी वाहतच राहतें व पूर्वीसारखेंच स्वच्छ दिसतें. दोष फक्त परीक्षेंत कळतो. पडदा बहुधा दोन-तीन वर्षांनीं बदलावा लागतो. त्यासाठीं पाण्याच्या वर्गणींतून पहिल्या दिवसापासून वेगळा निधि ठेवावा.

सारांश, आमचा सल्ला असा कीं, प्रथम निर्दोष पाणवठा शोधावा. परीक्षेंत उतरलेली उथळ विहीर, तलाव, किंवा ज्यांत हा क्षार जवळजवळ नसतोच तें साठविलेलें पावसाचें पाणी मिळत असेल तर यंत्राचें कारण नाहीं. तें नसेल तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तयार केलेल्या, तुरटी व चुना वापरण्याच्या नालगोंडा पद्धतीचा विचार करावा. तींत पाणी फारसें फुकट जात नाहीं, पण रोज मापानें काम करणारा माणूस हवा व खालीं बसलेल्या गाळाची विल्हेवाट लागते. पाणी खारेंही असेल व दुसरा मार्ग नसेल तेथें पडद्याची गाळणी अवश्य घ्यावी. परंतु ती पिण्यास व स्वयंपाकासच वापरावी, आणि ग्रामसभेंत यंत्राच्या ठरावाबरोबरच टाकाऊ पाण्याच्या जागेचा, परीक्षेचा व निधीचा ठराव करावा. मुलांच्या दांतांचीं आठ वर्षें कोणासाठीं थांबत नाहींत. म्हणून पाण्याची पहिली परीक्षा याच महिन्यांत करून घ्यावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधुभगिनींस आग्रहाची विनंति आहे.