थर्मोस्टॅट काढू नकोस

पुणे

चि. भाचेबुवा,

तू 1996 सालची मर्सिडीज ई 220 घेतलीस, नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत तिचा तापमानाचा काटा 100 च्या पुढे सरकतो आणि तिथल्या गॅरेजवाल्यानं तीन उपाय सांगितले आहेत: थर्मोस्टॅट काढून टाका, पंखा डायरेक्ट करा, रेडिएटर मोठा बसवा. तुझ्या आईकडून फोनवर एवढं कळलं. तिन्ही उपाय आपल्याकडच्या गॅरेजांत वर्षानुवर्षं चालत आलेत. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात त्यांनी वेळ निभावून नेलीही असेल. या गाडीपासून मात्र तिन्ही लांब ठेव, असं मामाचं म्हणणं आहे.

आधी गाडीचं घराणं. कंपनीच्या भाषेत ही डब्ल्यू 124. ब्रुनो साको मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख असताना, 1984 च्या अखेरीस ती जर्मनीत आली आणि सगळे प्रकार धरून 25 लाखांहून जास्त बनली. भारतात 1994 मध्ये टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया उभी राहिली. 1995 पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात याच गाडीची जुळणी सुरू झाली. चाकणचा कारखाना पुढे 2009 चा. म्हणजे तुझी गाडी जन्मानं पुणेकर. ती मनात काही ठेवणार नाही, असेल ते तोंडावर सांगेल.

तिचा काटाही तसाच. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पाणी थोडंफार वरखाली झालं तरी काटा मधोमध स्थिर राहील अशी सोय केलेली असते, मालकानं उगाच धास्तावू नये म्हणून. काही गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा. डब्ल्यू 124 चा काटा 40, 80, 120 या आकड्यांवर खरोखरच तापमानाप्रमाणे फिरतो. मोकळ्या रस्त्यावर 85-90, उन्हाळ्यात एसी लावून सिग्नलला उभी राहिली की 100 च्या आसपास, आणि निघाली की पुन्हा खाली, ही तिची नेहमीची चाल. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर असताना काटा 100 वर गेला म्हणजे इंजिन उकळलं असं नव्हे. 110 च्या पुढे जाऊन तिथेच बसला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायची.

पहिली खरेदी झाकणाची कर. कूलंटच्या टाकीच्या झाकणावर 140 लिहिलेलं असलं तर ते आत 1.4 बारचा दाब धरतं. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे 126 अंशांना उकळतं. ग्लायकॉल मिसळलेलं त्याहून वर. झाकणाचं रबर मेलं की दाब टिकत नाही आणि धडधाकट इंजिनही पाणी बाहेर टाकू लागतं. सगळ्या यंत्रणेत याहून स्वस्त वस्तू नाही, आणि ती तपासायची आठवण सहसा सगळ्यात शेवटी होते. नवं झाकण घेताना त्यावरचा आकडा जुन्याशी जुळव. जास्त दाबाचं झाकण लावून फायदा होत नाही, जुने होज पाइप तेवढे फुटतात.

आता मुद्द्याचा प्रश्न: काटा चढतो कधी?

गर्दीत चढतो आणि वेगात उतरतो, तर दोष वाऱ्याचा. म्हणजे पंखे, पंख्याचा क्लच, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साठलेला कचरा. उलट गर्दीत ठीक असते आणि समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगात काटा हळूहळू वर जातो, तर दोष पाण्याच्या वाहण्याचा: आतून बुजलेला रेडिएटर, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. दोन्हीकडे चढत असेल तर दोन्ही बघायचं. एवढं विचारल्याशिवाय स्पॅनर हातात घेणारा फिटर तुझ्या पैशानं अंदाज बांधतो आहे, असं समज. शिवाय इन्फ्रारेड थर्मामीटरनं थर्मोस्टॅटच्या घरापाशी एकदा प्रत्यक्ष मोजून बघ. म्हातारा सेन्सर किंवा गंजलेली अर्थची वायर यांमुळेही काटा खोटं बोलतो.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला या गाडीला सर्वांत घातक. या इंजिनांचा थर्मोस्टॅट दोन तबकड्यांचा असतो. इंजिन गार असताना एक तबकडी रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी आतल्या आत फिरतं. पाणी साधारण 85 ते 87 अंशांवर आलं की ती उघडू लागते आणि त्याच वेळी दुसरी तबकडी आतली वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर आतली वाट कायम उघडी राहते. पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता तिथूनच परत फिरतो आणि भर उन्हाळ्यात इंजिन आधीपेक्षा जास्त तापतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरच्या पातेल्यात थर्मामीटर लावून गरम करून बघ, कधी आणि किती उघडतो ते कळतं.

पंख्यांचं जरा खोलात सांगितलं पाहिजे, कारण गर्दीत तापणाऱ्या डब्ल्यू 124 चा गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो. इंजिनावरच्या मोठ्या पंख्याला क्लच असतो. या घराण्याच्या काही इंजिनांत तो सिलिकॉन तेलावर चालतो, काहींत विद्युतचुंबकावर. तुझ्या गाडीत कोणता आहे ते आधी उघडून बघ, मग बाजारात जा. सिलिकॉनवाल्या क्लचच्या तोंडाशी दोन धातूंची पट्टी असते. रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेनं ती वळते, तेल पुढे सोडते आणि पंखा घट्ट पकडला जातो. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद केल्यावर पंखा बराच वेळ सैल भिरभिरत राहिला, तर क्लचमधलं तेल संपलं. चुंबकावरचा असेल तर त्याची कॉइल, वायर आणि तो चालू करणारा स्विच तपासायचा.

याखेरीज कंडेन्सरच्या पुढे विजेचे पंखे असतात. एसीच्या गॅसचा दाब वाढला की ते सावकाश फिरतात. पाणी सुमारे 105 अंशांच्या वर गेलं की जोरात. सावकाश फिरवण्यासाठी त्यांच्या वाटेत एक रेझिस्टर लावलेला असतो. तो काही वर्षांनी जळतो, मग कमी वेगाची पायरीच नाहीशी होते. एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर पंखे गप्प, आणि काटा 105 च्या वर गेल्यावर एकदम घोंघावले, तर रेझिस्टर बघायचा. पंखा डायरेक्ट करणारा फिटर हा एक भाग वाचवतो आणि त्याच्या बदल्यात मोटर दिवसभर राबवतो, वायरिंग तापवतो, कधी विसरलास तर बॅटरीही उतरवतो.

राहिला मोठा रेडिएटर. रेडिएटर मोठा तेवढा चांगला, हा समज मर्सिडीजच्या घरातच 1900 साली मोडला गेला. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मागणीवरून बनलेल्या आणि त्याच्या मुलीचं नाव लावलेल्या 35 अश्वशक्तीच्या गाडीसाठी विल्हेल्म माइबाखनं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात 6 मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या 8,070 नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्या भोवतीनं पाणी. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढला आणि लागणारं पाणी निम्म्यावर, 9 लिटरवर आलं. आजही हिशेब तोच आहे. जाड, तीन ओळींचा पितळी कोअर करून घेतला तर त्यातून वारा आरपार जायला त्रास होतो आणि कमी वेगात, म्हणजे नेमकं जिथे दुखणं आहे तिथेच, तो कमी पडू शकतो. तुझ्या गाडीचा मूळ रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरचा, दोन टोकांना प्लास्टिकच्या टाक्यांचा. त्याला झाळण लागत नाही. वरच्या होजचं प्लास्टिकचं नाक वयानुसार ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी होजसकट तुटून हातात येतं. रेडिएटर जुना असेल, तर 'मोठा' नको, 'नवा' घे. नाकाच्या आत धातूची बांगडी बसवलेला मिळाला तर उत्तम.

तो घेण्याआधी सध्याचा आतून धुऊन बघ. बोअरवेलच्या जड पाण्यानं आत क्षार धरतात आणि नळाच्या पाण्यानं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तेल दिसत नसेल, तर सायट्रिक अ‍ॅसिडचं सुमारे दहा टक्क्यांचं पाणी फिरवून क्षार काढायची रीत मर्सिडीजच्या वर्कशॉपांतही होती. नंतर स्वच्छ पाण्यानं पुन्हापुन्हा खळखळून काढायचं आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी व कंपनीच्या 325.0 या मानकाचं कूलंट निम्मंनिम्मं भरायचं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेव, म्हणजे आत हवा अडकत नाही. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आता स्पेअर. दुकानात जाऊन 'चोवीस नंबर मर्सिडीजचा वॉटर पंप द्या' म्हणालास, तर दुकानदार जो असेल तो देईल. नंबर घेऊन जा. ई 220 सेडानचा मॉडेल क्रमांक 124.022, ई 250 डिझेलचा 124.126. तुझ्या गाडीच्या चासी नंबरात तो शोध, आणि इंजिन नंबरही उतरवून घे. मर्सिडीजच्या भागाचा नंबर 'ए' आणि पुढे दहा आकडे असा असतो. पहिले तीन आकडे गाडीची किंवा इंजिनाची मालिका सांगतात, त्यानंतरचे विभाग. 124 नंतर 50 आलं तर रेडिएटर आणि त्याच्या होजचा विभाग. तुझ्या इंजिनाच्या 111 नंतर 20 आलं तर इंजिनाच्या पाण्याचा, म्हणजे पंप-थर्मोस्टॅटचा. ही लिपी वाचता आली की चुकीचा डबा दुकानातच परत करता येतो. जुना नंबर बंद झाला असला, तर त्याच्या जागी कोणता नंबर आला तेही विचार. गिअर ऑटोमॅटिक आहे की हातचा, हे आवर्जून सांग. ऑटोमॅटिकच्या रेडिएटरमध्येच गिअर ऑइल थंड करणारी नळी असते.

तुझं नशीब असं की तुझं एम 111 इंजिन या एकाच गाडीत नव्हतं. सी क्लास, एसएलके, व्हिटो आणि स्प्रिंटर व्हॅनमध्येही ते होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग अजून बनतात. याच घराण्यातल्या 500 ई वाल्यांचं दुखणं निराळं. पोर्शच्या मदतीनं बनलेल्या त्या व्ही 8 गाड्या सगळ्या मिळून 10,479. त्यांच्या खास भागांसाठी मालक श्टुटगार्टजवळच्या फेलबाखला, 1993 पासून चालणाऱ्या मर्सिडीज क्लासिक सेंटरकडे हात पसरतात. तुझ्यावर ती वेळ सहसा येणार नाही.

मर्सिडीजच्या डब्यात जो भाग येतो, तो बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्यात बनलेला असतो. थर्मोस्टॅट बेर किंवा वालरचा, रेडिएटर बेरचा, पंख्याचा क्लच साक्सचा, सेन्सर बॉशचा. तोच भाग त्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त मिळतो. कधीकधी त्यावरचा तारा घासून काढलेला दिसतो. तो घ्यायला हरकत नाही. नाव नसलेला, खाकी खोक्यातला माल मात्र नको.

नव्या मालासाठी मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत काश्मिरी गेट. जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. रबर आणि पाण्याचं प्लास्टिक भंगारातून कधी घेऊ नकोस. ते तुझ्या गाडीतल्याइतकंच म्हातारं असतं. पंख्याचं कडं, पत्र्याचे ब्रॅकेट, पाती, नट-बोल्ट खुशाल घे. नव्या प्लास्टिकच्या भागावर बऱ्याचदा बाण असलेलं लहानसं वर्तुळ ओतलेलं असतं, त्यावरून तो बनल्याचा महिना-वर्ष कळतं. गोदामात दहा-बारा वर्षं पडलेला होज पाइप 'नवा' म्हणून गळ्यात पडू नये, म्हणून तोही बोटांनी दाबून बघ. कडक झाला असेल किंवा दुमडल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर परत दे.

कामाचा क्रम असा ठेव: झाकण, मग पंखे, मग कचरा आणि क्षार, मग थर्मोस्टॅट, सगळे होज आणि क्लिपा एकदम, मग पंप, आणि रेडिएटर सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी लावून चालवून बघ आणि काटा कुठे थांबला ते लिहून ठेव. दोन पायऱ्या एकदम केल्यास तर कशानं गुण आला ते कळणार नाही.

एवढं करूनही पाणी कमी होत राहिलं, होज सकाळी गार इंजिनावर फुगलेले दिसले, तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करतात. इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरत असला की तो द्रव पिवळा पडतो. ती झाल्याशिवाय कुणालाही हेड उतरवू देऊ नकोस. आणि उतरवायची वेळ आलीच, तर आधी मामाला फोन कर. हेड सपाट करणारा चांगला कारागीर दोघं मिळून शोधू.

आईला नमस्कार.

तुझा
मामा

ता. क. : 1992 ते 1995 च्या सुमाराच्या बऱ्याच मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेनं भुगा होऊन पडतं. तुझी त्यानंतरची असली तरी एका कनेक्टरची टोपी मागे सरकवून बघ. आतली वायर उघडी दिसली तर सेन्सर बदलण्यात पैसे घालू नकोस, हार्नेसच्या नंबरापासून सुरुवात कर.