टपालपेटीचा छंद

आपण अमुक ठिकाणीं जाऊन आलों, ही गोष्ट मागून येणाऱ्यास कळावी, अशी इच्छा मनुष्याच्या ठिकाणीं उपजतच असते. ही इच्छा मुळांत वाईट नाहीं. परंतु तिला योग्य वाट मिळाली नाहीं, म्हणजे ती भलतीकडे धांवते. गडकोटांच्या भिंतींवर खिळ्यानें, कोळशानें किंवा रंगानें लिहिलेलीं नांवें कोणीं पाहिलीं नाहींत? ज्या दगडावर शेंकडों वर्षांपूर्वीं पाथरवटानें टांकी चालविली, त्याच दगडावर आजचा प्रवासी आपलें नांव खरडतो आणि आपण कांहीं पराक्रम केला, असें समजून घरीं येतो. त्यास नुसतें रागें भरून हा दोष जाणार नाहीं. नांव लिहिण्यास दुसरी चांगली जागा दाखविली पाहिजे. अशी जागा दाखविणारा एक छंद आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंग्लंडच्या नैऋत्य भागांत डार्टमूर नांवाचें विस्तीर्ण, ओसाड आणि दलदलीचें पठार आहे. त्याच्या उत्तर भागांत क्रॅनमियर पूल म्हणून एक आडबाजूची जागा असून, तेथें जाण्यास पूर्वीं वाटाड्या घ्यावा लागे. चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरट हा असाच एक वाटाड्या होता. १८५४ सालीं त्यानें तेथें एक बाटली ठेविली, आणि इतकी वाट तुडवून आलेल्या प्रवाशांनीं आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, असा परिपाठ पाडिला. पुढें लोक स्वतःच्या किंवा इष्टमित्रांच्या पत्त्यावर लिहिलेलीं पत्रेंही तेथें ठेवूं लागले. मागाहून जो कोणी येई, तो तीं उचलून टपालांत टाकी. पत्र किती दिवसांनीं पोहोंचेल याचा नेम नसे. तरी अनोळखी मनुष्य तें पोहोंचवील, एवढा विश्वास असे. यावरूनच या छंदास 'लेटरबॉक्सिंग' हें नांव पडलें. १९०५ सालीं त्या जागीं नांवें लिहिण्यासाठीं वही ठेवण्यांत आली, आणि पुढें रबरी शिक्काही आला. डार्टमूरचें सविस्तर वर्णन लिहिणारे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ १९३८ सालीं डक्स पूल येथें आणखी एक पेटी बसविली गेली. १९९८ सालीं 'स्मिथसोनियन' मासिकांत या छंदावर लेख आल्यावर तो अमेरिकेंतही पसरला.

आजची रीत अशी आहे. डोंगरांत किंवा रानांत एका आडोशाच्या जागीं लहानसा डबा ठेवितात. त्यांत एक वही व एक शिक्का असतो. डबा कोठें आहे, हें सरळ न सांगतां कोड्याच्या रूपानें लिहून ठेवितात. शोधणारा आपली वही, आपला शिक्का व शाईची गादी घेऊन निघतो. डबा सांपडला, म्हणजे तेथील शिक्का तो आपल्या वहींत उमटवितो, आपला शिक्का डब्यांतील वहींत उमटवितो, तारीख घालतो आणि डबा होता तसा ठेवून परत फिरतो. कोणी कांहीं नेत नाहीं, कोणी कांहीं मोडीत नाहीं. तरी दोन्हीकडे भेटीची खूण राहते.

ही कल्पना आपणांस अगदींच परकी नाहीं. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुटुंबांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलीं सांपडतात. यात्रेकरूचें नांव वहींत राहतें; देवळाचा खांब निर्मळ राहतो. शिक्क्याची ओळख तर आपल्या भाषेंतच मुरलेली आहे. मराठेशाहींतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला, त्यांत मागाहून भर पडूं नये, म्हणून शेवटीं मोर्तब करीत. एखादी गोष्ट पक्की झाली, म्हणजे तिच्यावर 'शिक्कामोर्तब' झालें, असें आपण म्हणतों, तें यावरूनच.

शिक्का विकत आणूं नये, स्वतः करावा. एक मोठें खोडरबर घ्यावें. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनें आपलें चिन्ह काढावें. पान, पक्षी, नांगर, जें आवडेल तें. तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखानें घासावा, म्हणजे चित्र रबरावर उतरतें. मग पेन्सिलीची रेघ जेथें नाहीं, तेवढा भाग पात्यानें काढून टाकावा. पातें बोटांपासून दूर चालवावें, आणि लहान मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखतच करावें.

येथें एक मौज आहे. आमच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे वडील फाउंड्रींत काम करतात, त्या मुलांस तिचें मर्म लौकर कळेल. पॅटर्नवर अक्षर सुलट असतें. वाळूच्या साच्यांत तें उलटें उठतें. आणि साच्यांत ओतलेल्या लोखंडावर पुन्हां सुलट होतें. दोनदां उलटल्यामुळें मूळ रूप परत येतें. शिक्क्याचें उलटणें मात्र एकदांच होतें. म्हणून त्यावर अक्षर उलटेंच असावें लागतें. कागद पालथा घालण्याचें कारण हेंच. हा फरक मुलानें घरीं वडिलांस विचारावा. वडिलांसही आपलें रोजचें काम मुलास समजावून देण्याची ही चांगली संधि आहे.

आतां कोडें सोडविण्याविषयीं. त्यास दोन साधनें पुरतात: होकायंत्र आणि स्वतःचीं पावलें. होकायंत्रांत उत्तर ० अंशांवर, पूर्व ९० वर, दक्षिण १८० वर आणि पश्चिम २७० वर असते. मात्र लोखंडाजवळ सुई फसते; कारखान्याच्या भिंतीशीं, मोटारीजवळ किंवा लोखंडी खांबाखालीं उभें राहून दिशा पाहूं नये. पावलाचें माप काढण्यासाठीं मैदानावर १०० मीटर अंतर टेपानें मोजावें, आपल्या नेहमींच्या चालीनें तें तीन वेळां चालावें आणि पावलांची सरासरी काढावी. समजा, १०० मीटरांस १६० पावलें पडलीं, तर ४० मीटरांस ६४ पडतील. त्रैराशिक पाटीवर जितकें रुक्ष वाटतें, तितकें तें डोंगरावर वाटत नाहीं. कोडें असें असावें: "शाळेच्या घंटेखालीं पूर्वेस तोंड करा. ४० मीटर चाला. तेथून २१० अंशांवर जें झाड दिसेल, त्याच्या सावलींत बसणाऱ्यास विचारा." २००० सालच्या मे महिन्यांत अमेरिकेनें आपल्या उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेविलेली चूक काढून टाकिली, आणि लगेच उपग्रहाच्या साह्यानें डबे शोधण्याचा 'जिओकॅशिंग' हा धाकटा छंद निघाला. तोही चांगलाच आहे. पण आधीं डोळे आणि पाय वापरण्यास शिकावें, मग यंत्र हातीं घ्यावें.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जागेचा. विदेशांतील रीत येथें जशीच्या तशी उचलून चालणार नाहीं. बेवारस वस्तूस हात लावूं नये व पोलिसांस कळवावें, अशी सूचना आपण स्थानकांवर नेहमीं ऐकतों, आणि ती योग्यच आहे. म्हणून आपला डबा शोधणाऱ्यापासून लपलेला असावा, परंतु जागेच्या मालकापासून लपलेला नसावा. शाळेची बाग, ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध, पालकांचें दुकान, अशा जागीं परवानगी घेऊन तो ठेवावा. डबा पारदर्शक असावा आणि झांकणावर शाळेचें नांव व "आंत वही आणि शिक्का आहे" एवढें ठळक लिहावें. वनखात्याच्या जागेंत परवानगीशिवाय कांहीं ठेवूं नये. पन्हाळगड हें केंद्र सरकारनें संरक्षिलेलें स्मारक असून, जुलै २०२५ मध्यें जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य झालेल्या बारा किल्ल्यांपैकीं एक आहे. तेथें खणणें, दगड हलविणें किंवा डबा दडविणें सर्वथा वर्ज्य समजावें. अशा स्मारकास इजा करणाऱ्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणें, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. गडावर जाणाऱ्यांसाठीं वही ठेवावयाची असेल, तर ती वाटेवरच्या एखाद्या चहावाल्याजवळ, त्याच्या संमतीनें ठेवावी. त्याच्याशीं दोन शब्द बोलणें हाही शोधाचाच भाग होईल.

नदीकांठची जागाही टाळावी. ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हां जुलै २०२१ मध्यें पंचगंगेच्या महापुराचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती. तेथें डब्याची काय कथा! पावसाळ्यांत शाई फुटते, म्हणून वहींत पेन्सिलीनें लिहावें. दगडाखालीं किंवा कपारींत न पाहतां हात घालूं नये. विंचू व साप यांचीं तीं घरें आहेत. एकट्यानें जाऊं नये, आणि कोठें जातों तें घरीं सांगून निघावें.

कोणी म्हणेल, उघड्यावर ठेविलेला डबा चोरीस जाईल. जाईल कदाचित्‌. एक नव्हे, दोन जातील. परंतु तिसरा राहील, आणि तो राहिला, तर तो कुलुपामुळें राहिला नसून येणाऱ्या प्रत्येकाच्या सचोटीमुळें राहिला, असें होईल. ज्यास आपण कधीं पाहिलें नाहीं, त्याच्यासाठीं एखादी वस्तु नीट ठेवून जाणें, हाही शेजारधर्मच आहे. ज्या मुलास ही संवय लागली, तो सार्वजनिक नळ उघडा टाकणार नाहीं, वाचनालयाच्या पुस्तकाचें पान फाडणार नाहीं, आणि गडाच्या भिंतीवर खिळा तर उचलणारच नाहीं. कारण आपलें नांव कोठें शोभतें, हें त्यास कळलेलें असेल.

तरी विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत एक खोडरबर, एक कोरी वही आणि एक जुना डबा एवढें जमवा. पहिला डबा शाळेच्याच आवारांत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ठेवा. वहीचें पहिलें पान मात्र कोरें सोडा. तें मागून येणाऱ्यासाठीं असूं द्या.