अंजिराला थंडीहून ओल वाईट

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना अंजिराची हौस फार, त्यात माणूस सासवड-पुरंदरकडचा असेल तर विचारायलाच नको. मी तिकडचाच. इथल्या परसांत अंजीर रुजवलं ते मुख्यतः इटलीहून आलेल्या कुटुंबांनी. हिवाळ्याआधी झाड बांधून, गुंडाळून वर बादली पालथी घालायची त्यांची रीत आपल्या लोकांनीही उचलली. वसंतात ओळखीच्यांची झाडं उघडायला मी मदतीला जातो. त्या गुंडाळ्यांत मला गारठून गेलेल्या फांद्यांपेक्षा कुजलेल्याच जास्त दिसल्या आहेत.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. गारठलेली फांदी वाळून कडक होते, वाकवली की काटकन मोडते. कुजलेल्या फांदीची साल बोटाने दाबताच सरकते, आतला भाग तपकिरी आणि मऊ लागतो, वर राखाडी बुरशी असते. जिवंत फांदीची साल नखाने खरवडली की खाली हिरवं दिसतं.

फांद्या कुजवणारी ही ओल येते कुठून? बहुतेकदा गुंडाळायला वापरलेल्या प्लास्टिकमुळे. जमिनीतून वाफ सतत वर येत असते. जानेवारीतही दुपारी ऊन पडलं की प्लास्टिकखालची हवा तापते आणि ती वाफ धरून ठेवते. रात्री पारा घसरला की तिचंच पाणी होऊन आतल्या बाजूने गळतं, फांद्यांवर ठिबकतं. दिवसाच्या उबेने कळ्या फुगतात आणि रात्रीच्या थंडीत मरतात, हे नुकसान वेगळंच. पुरंदरात दमट हवेत अंजिराच्या पानांवर तांबेरा पडतो, हे बागायतदार जाणतातच. इथली बुरशी निराळी, पण हवा कोंडलेली आणि ओली राहिली की तिचंही फावतं.

म्हणून माझा आग्रह असा. गुंडाळायची घाई करू नका. एक-दोन वेळा दहिवर पडून पानं गळू द्या. उरलेली पानं आणि कच्ची फळं हाताने काढून टाका. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. गोठून मऊ पडलेल्या फळात बुरशी आधी शिरते आणि देठातून फांदीत उतरते. मग पाऊस नसलेला कोरडा दिवस पाहून फांद्या सुतळीने बांधा आणि गोणपाटाचे थर द्या. आत पालापाचोळा भरायचा तर खडखडीत वाळलेला, आणि खोडाला दाबून नाही. ओल्या पाचोळ्यात बुरशी वाढते, शिवाय उंदीर घर करून साल कुरतडतात. ताडपत्री हवीच असेल तर ती फक्त बाहेरून आणि माथ्यावर, पाऊस अडवण्यापुरती. खाली वीतभर फट सोडा, माथ्यालाही वाफ निसटायला वाट ठेवा. बादलीचा उपयोग इथेच: पाऊस आत जात नाही, कडेने हवा खेळते.

कुंडीतलं झाड पानं गळल्यावर गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवलं तर उत्तम. तिथे साधारण ० ते ७ अंश सेल्सियस तापमान त्याला मानवतं. पानं नसल्याने उजेडाची गरज नसते. माती पूर्ण कोरडी पडली तर मुळं वाळतात, म्हणून महिन्यातून एकदा बोट घालून पाहा आणि कोरडी लागली तरच थोडं पाणी द्या.

मार्चअखेरपासून गुंडाळी टप्प्याटप्प्याने सैल करा. पूर्ण उघडायला ढगाळ दिवस निवडा, आणि एप्रिलभर गोणपाट हाताशी ठेवा, कारण इथे तेव्हाही एखादी रात्र गोठवणारी निघते.