घरातील छळ आणि शाळेचे कर्तव्य

नियमित येणारा मुलगा अकस्मात आठ-आठ दिवस गैरहजर राहतो आणि चौकशी केल्यावर 'आई मामाकडे गेली' एवढेच सांगतो. खेड्यातील घरात होणाऱ्या छळाची पहिली खूण पुष्कळदा अशी हजेरीपटावर उमटते. तेव्हा त्या मातेस साहाय्य कोठे व कसे मिळते, याची माहिती शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

अशा प्रसंगी चार मंडळी बसवून समजूत घालण्याची गावात रीत आहे. हेतू चांगला असतो. परंतु मारणाऱ्याच्या समक्ष तिला बोलावयास लावले, तर ती खरे सांगत नाही, आणि सांगितलेच तर त्याचे फळ तिला रात्री भोगावे लागते. शिक्षकाने अशा बैठकीचा पंच होऊ नये. तिचे म्हणणे एकांतात, शक्यतो शिक्षिकेने वा अंगणवाडी सेविकेने, ऐकून घ्यावे आणि पुढील पाऊल तिच्या इच्छेने ठरवावे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. मारहाण तेवढीच हिंसा, असे तो मानीत नाही. सततची मानहानी, खर्चास पैसे न देणे, स्त्रीधन काढून घेणे हेही त्यात येते. पत्नीप्रमाणे त्याच घरातील आई, बहीण वा विधवा सून हिलाही त्याचा आधार आहे. हिंसा घडत असल्याचे सकारण वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीस चौथ्या कलमान्वये संरक्षण अधिकाऱ्यास कळविता येते, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'नसती कोर्टकचेरी मागे लागेल' ही शिक्षकांची भीती त्यामुळे निराधार ठरते. माहिती तोंडी दिली तरी चालते; ती लिहून घेणे हे अधिकाऱ्याचे काम.

हा अधिकारी अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवितो. छळास मनाई, राहत्या घरातील वास्तव्य, निर्वाहखर्च, मुलांचा तात्पुरता ताबा यांविषयी न्यायालय आदेश देऊ शकते. पहिली तारीख सामान्यतः अर्ज दाखल झाल्यापासून तीन दिवसांच्या आतील असावी, असे कायदा सांगतो. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. जीवास धोका असल्यास ११२ आणि एरवी महिला साहाय्यासाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेले असावेत.

सासर पुण्याकडे आणि माहेर जिंतूर तालुक्यात, म्हणून तिने पुण्यास हेलपाटे घालावेत असे नाही. ती जेथे तात्पुरती राहते, तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. खरी अडचण येते ती तिच्याबरोबर आलेल्या मुलांची, आणि ती बहुधा शाळेच्याच दारात! 'आधी दाखला आणा, वडिलांची सही आणा' असे ऐकून कित्येक माता परत फिरतात. वास्तविक शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे, शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकावरही तो तत्काळ देण्याचे बंधन आहे. मुलास त्याच दिवशी वर्गात बसवावे, दाखला शाळेनेच मागवावा, आणि सासरकडील कोणी चौकशीस आल्यास तिचा ठावठिकाणा सांगू नये.